केंद्रातून सुटला की थेट घरी आणायचा का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भाऊ ३४ वर्षांचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे लूमची देखभाल करणारा कारागीर होता, दारूसाठी केंद्रात जायची ही तिसरी वेळ, ९० दिवस पुरे करून येत्या मंगळवारी सुटायलाय. वहिनी लेकीला घेऊन माहेरी गेलेल्या. केंद्रातले डॉक्टर म्हणतात लगेच घरी नेऊ नका, सहा महिने सोबर होममध्ये ठेवा, आणि आई म्हणतात स्वतःचं घर असताना माझं पोरगं भाड्याच्या खोलीत का राहील, गल्लीतले लोक काय म्हणतील. तुम्ही विचारलंय की हे सोबर होम म्हणजे नक्की काय, पैसे काढायचा नवा धंदा तर नाही ना, आणि सोलापुरात असं काही जमतं का.

मी १९ वर्षं समुपदेशनाचं काम करतोय, त्याच्याआधी ११ वर्षं पीत होतो, त्यामुळं खुर्चीवर बसून लोकांना सांगितलंय आणि खुर्चीसमोर मान खाली घालूनही बसलोय. मधली सहा वर्षं होटगी रोडला आतल्या बाजूला भाड्याचं घर घेऊन पाच-सहा जणांचं असं सोबर होमच चालवलं, पुढं मालकानं जागा विकली आणि ते मोडलं. तेव्हा जे सांगतोय ते बघितलेलं, केलेलं आणि काही ठिकाणी चांगलंच चुकलेलं.

उत्तर आधी देऊन टाकतो. तिसरी वेळ आहे तर थेट घरी आणू नका, डॉक्टर बरोबर सांगायलेत. पहिली वेळ असती, बायको-लेकरू घरात असतं, गल्ली वेगळी असती तर मी कदाचित म्हणलो असतो आणा, बघू. पण मागच्या दोन्ही वेळा घरीच आणलं होतं ना? दोन्ही वेळा किती दिवस टिकला ते आईंना विचारा, भांडायला नाही, नुसतं शांतपणे आठवायला सांगा.

आता घोळ कुठं होतो तर आपल्याकडं सगळ्यालाच 'केंद्र' म्हणतात. खरं म्हणजे तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू अचानक बंद केली की हात थरथरतात, घाम येतो, काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, दोन-तीन दिवसांनी काहीजण बडबडायला लागतात, नसलेली माणसं, किडे दिसतात, आणि हे जिवावर बेतू शकतं. म्हणून तो पहिला आठवडा-दहा दिवस दवाखान्याचं काम, डॉक्टर गोळ्या आणि बी-१ ची इंजेक्शनं देऊन ते निभावून नेतात. ही झाली डीटॉक्सची पायरी. मग केंद्र, महिना ते तीन महिने, गेट बंद, सकाळी योगा, दुपारी सेशन, रात्री वेळेवर लाईट बंद. तिसरी पायरी सोबर होम, जिथं गेट उघडं असतं. तिथं उपचार होत नाहीत. हे सांगितलं की लोक नाराज होतात, म्हणतात मग पैसे कशाचे? भाड्याचे, किराण्याचे, गॅसचे. आणि सात वाजले तरी तू अजून आला नाहीस म्हणून दाराकडं बघत बसणारे चारजण, ते फुकट असतात.

मी कुठलीही जागा बघायला गेलो की एक गोष्ट आधी बघतो, दाराची किल्ली कुणाच्या खिशात आहे. राहणाऱ्याच्या खिशात असेल तर ते सोबर होम. वॉचमनच्या किंवा 'सरां'च्या खिशात असेल तर बोर्डावर काही का लिहिलेलं असेना, ते केंद्राचंच दुसरं गोदाम. तिथं ठेवलं तर काही बिघडत नाही म्हणा, पण ९० दिवसांचे १८० केले एवढंच होतं, शिकायचं ते राहूनच जातं.

कारण बघा, केंद्रात भावानं तीन महिने दारू सोडली असं आपण म्हणतो, पण तिथं दारू होती कुठं? आपल्यात गटारीला टाकी फुल्ल करून श्रावण कडक पाळणारे ढीगभर आहेत, महिनाभर वासही घेत नाहीत आणि वर सांगतात बघा, मला कुठं व्यसन आहे, मी सोडू शकतो की. श्रावण कधी संपतो ते कॅलेंडरवर छापलेलं असतं हो. केंद्राचंही तसंच, नव्वदावा दिवस कुठला हे आत गेलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. पण संध्याकाळचे साडेसहा, हप्ता म्हणजे आठवड्याचा पगार झालेला, पैसे खिशात, दिवसभर मशीननं डोकं उठवलंय, त्यात मालक काहीतरी बोललाय, आणि कुणीही बघत नाही, अशा वेळी पाय कुठल्या बाजूला वळतात ही गोष्ट केंद्रात एकदाही घडत नाही, म्हणून तिची सवयही करता येत नाही.

मग ते घरी राहून शिकता येत नाही का, असं आई विचारतील. काहींना येतं. पण घरालाही एक सवय लागलेली असते हे आई-बापांना पटतच नाही. दहा वर्षं ज्या आईनं रोज खिसे तपासले तिचे हात चौथ्या दिवशी आपोआप पँटकडं जातात. पोरगं ट्रॅफिकमुळं वीस मिनिटं उशिरा आलं की दारातच 'इकडं ये, तोंड उघड बघू'. तो खरंच पिलेला नसतो. त्याच्या डोक्यात येतं, न पिता पण शिव्या खायच्या तर पिऊनच खाऊ की. मी हे कारण समर्थनासाठी सांगत नाही, आम्ही पिणारे कारणं शोधण्यात पीएचडी केलेली माणसं, पण असं घडतं हे खरं आहे. त्यात भिशीचे थकलेले पैसे, फायनान्सवाला सकाळी सकाळी दारात, बायको माहेरी म्हणून रिकामी खोली, आणि कोपऱ्यावरचे दोस्त 'किती दिवसांनी दिसायलास बे, चल निदान चहा तरी घेऊ'. तो चहा चहावर थांबत नाही. दारू सुटल्यावर झोप नीट न लागणं, चिडचिड, विसरणं हे काहींचं महिनोन्महिने चालतं, त्यामुळं हे सगळं तो अर्धवट झोपेत झेलत असतो. सगळ्यात जास्त घसरण पहिल्या तीन महिन्यांतच होते, आणि माझं मत विचाराल तर ते तीन महिने गेटाच्या बाहेर पाऊल टाकल्यापासून मोजायचे, आत गेल्यापासून नाही.

धंदा आहे का म्हणून विचारलंत, तर ही कल्पना मुळात निघाली कशी ते ऐका, कारण त्यातच उत्तर आहे. १९७५ साली अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या सिल्व्हर स्प्रिंग गावात दारू सोडलेल्या लोकांचं एक सरकारी हाफवे हाऊस, म्हणजे केंद्र आणि घर यांच्या मधली राहायची जागा, पैशाअभावी बंद व्हायला आलं. तिथं राहणाऱ्या पॉल मोलॉय नावाच्या माणसानं आणि त्याच्या सोबत्यांनी ठरवलं की घर आपणच भाड्यानं घेऊ, आपणच चालवू. त्याला ऑक्सफर्ड हाऊस नाव दिलं. मॅनेजर नाही, वॉर्डन नाही, सगळे निर्णय मतानं, खर्च प्रत्येकानं वाटून द्यायचा आणि जो प्यायला त्यानं ताबडतोब घर सोडायचं. सहा महिने झाले की बाहेर व्हा असली जुन्या घरातली मुदत त्यांनी काढून टाकली, कारण मुदत संपून गेलेले लोक परत प्यायला लागलेले त्यांनी बघितले होते. आज अशी तीन हजारांच्या वर घरं आहेत. इलिनॉय राज्यात यावर नीट अभ्यासही झाला, २००६ साली छापून आला, केंद्रातून निघालेले १५० जण घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे निम्मे या घरांत पाठवले आणि निम्म्यांना नेहमीच्या वाटेनं जाऊ दिलं. दोन वर्षांनी घरांत गेलेल्यांपैकी साधारण ३१ टक्के नशा करत होते, दुसऱ्या गटातले ६५ टक्के. म्हणजे घरात राहूनही दहातले तिघं घसरलेच, हेही डोक्यात असू द्या, कुणी 'शंभर टक्के गॅरंटी' म्हणलं की तिथून उठायचं.

आणि हे काय फक्त अमेरिकेचं नाही. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पु.ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीनं १९८६ ला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तिथंही व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढं कार्यकर्ते म्हणून उभी राहिली. एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, ही दारू सोडणाऱ्यांची संघटना तर १९३५ पासून याच पायावर चाललीय, की पिणाऱ्याला न पिणारा झालेलाच नीट ओळखतो. फक्त एए स्वतः घरं किंवा दवाखाने चालवत नाही, त्यांचं काम मिटिंगचं, तेव्हा 'एएचं अधिकृत सोबर होम' असं कुणी म्हणलं तर तेही खोटं.

आमच्या घराचं सांगतो म्हणजे चित्र डोळ्यासमोर येईल. घरमालकाला पहिल्यापासून खरं सांगायचं ठरवलं होतं. दोघांनी दारातूनच परत पाठवलं, तिसऱ्याचा स्वतःचाच मुलगा पीत होता, त्यानं काही न बोलता किल्ल्या दिल्या, डिपॉझिटही कमी घेतलं. तीन खोल्या, भाडं तेव्हा ९ हजार, सगळं धरून माणशी चार-साडेचार हजार पडायचे. राहायला एक कापड दुकानातला सेल्समन, एक ट्रक ड्रायव्हर, एक शिलाईवाले मामा, पूर्व भागातला लूमवरचा एक अण्णा, आणि एक निवृत्त क्लार्क ज्यांना सगळे साहेब म्हणायचे आणि ज्यांना भांडी घासायला लावणं हा आमचा पहिला मोठा विजय होता. पहिले दोन आठवडे भांडणं कशावरून, तर भात का भाकरी. अण्णाला दोन्ही वेळा भात आणि चिंचेचं सार, ड्रायव्हरला ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी, बाकी काही नको. एका रात्री ताटं आपटली गेली. मी मध्ये पडलो नाही. रागानं लालबुंद झालेले दोघं तसेच न पिता झोपले आणि सकाळी एकमेकांकडं न बघता चहा प्यायले, त्या दिवशी मला वाटलं घर सुरू झालं, कारण दोघांच्याही आयुष्यात दहा-पंधरा वर्षांत पहिल्यांदाच भांडण दारूशिवाय संपलं होतं.

नियम थोडेच होते पण पक्के. सहा-साडेसहानंतर कुठं आहे ते ग्रुपवर टाकायचं. रात्री साडेनऊला घरात. आठवड्यातून तीन मिटिंग, बाहेरच्या, घरातली त्यात मोजायची नाही. शनिवारी घरातली बैठक, तिथं खर्चाची वही सगळ्यांसमोर वाचायची. फुंकायचं मशीन आणलं होतं, ते कधीही काढायचं आणि सगळ्यांनी फुंकायचं, मी पण, कारण एकट्या संशयिताला फुंकायला लावलं की घरातली आई आणि आम्ही यात फरक काय राहिला. काम पहिल्या महिन्यात शोधायचंच, हमाली का असेना, दिवसभर रिकामं बसून छताकडं बघणारा माणूस माझ्या घरात कधीच टिकला नाही.

पैशाचं जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या भावाचं खरं दुखणं तिथं असणार, जॉबरचा हातात येणारा पैसा बरा असतो. पहिले दोन महिने हप्ता आला की त्याच संध्याकाळी घरी यायचं, वहीत लिहायचं, भाडं-किराणा बाजूला, कर्जाचा भाग बाजूला, बायकोला पाठवायचा तो भाग तिथंच बसून फोनवरून पाठवायचा, आणि उरलेले स्वतःकडं. स्वतःकडं म्हणजे स्वतःकडं. काही ठिकाणी एटीएम कार्ड आणि पिन काढून घेतात, 'सांभाळतो' म्हणतात. नको. एक तर गैरव्यवहाराला आमंत्रण, आणि दुसरं म्हणजे पाचशेची नोट खिशात घेऊन दुकानावरून सरळ पुढं जायची सवय त्याला कधी होणार? आम्ही एवढंच करायचो की हप्त्याच्या दिवशी एकानं दुसऱ्याला कारखान्याच्या गेटावर घ्यायला जायचं. शिलाईवाले मामा सायकलवरून अण्णाला आणायला जायचे, दोघं बोलत बोलत यायचे, बास.

गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस सगळ्यात अवघड. संक्रांतीला नंदीध्वज, होम मैदानावर गर्दी, सगळं शहर रस्त्यावर, जुने दोस्त हमखास भेटणार. पहिल्या वर्षी मी मूर्खासारखं सांगितलं की कुणी जायचं नाही. सोलापूरच्या माणसाला गड्ड्याला जाऊ नको म्हणणं! दोघं खोटं बोलून गेले. पुढच्या वर्षीपासून सगळे मिळून जायचो, दुपारी, पोटभर जेवून, अंधार पडायच्या आत परत, आणि भज्जी खायची ती घरी आणून. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चारपैकी दोन एका वेळी जमले की धोका, हे मिटिंगमध्ये शिकवतात, आणि गड्ड्याला रात्री दहा वाजता एकटं फिरलं तर त्यातले तीन तरी सहज जमतात.

आता माझी चूक. दुसऱ्या वर्षी आमच्यातला एकजण प्यायला. माणूस सोन्यासारखा, स्वयंपाक उत्तम, सगळ्यांचा लाडका. नियमाप्रमाणे त्याच रात्री बाहेर. पण तो रडला, सगळे म्हणाले एक संधी द्या, मी पण विरघळलो आणि ठेवून घेतला. बारा दिवसांत आणखी दोघं प्यायले. त्यांना कुणी पाजली नव्हती, फक्त घराला कळलं होतं की प्यायलं तरी चालतं. घर जवळजवळ तिथंच संपलं होतं. मग मी उलट्या टोकाला गेलो, पुढच्या वेळी एकाला रात्री अकराला बाहेर काढलं आणि तो एसटी स्टँडवर झोपला, पहाटे कुणीतरी मोबाइल आणि पैसे काढून घेतले, ती रात्र अजून मला त्रास देते. तेव्हापासून ठरवलं, घरात येतानाच पहिल्या दिवशी शुद्धीत असताना त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचं, मी प्यायलो तर त्या रात्री कुठं जाणार, कुणाला फोन करायचा, आणि परत यायचं असेल तर कधी विचारणार. नियम तोच, पण रस्त्यावर कुणी पडत नाही. तुम्ही जी जागा बघाल तिथं विचारा, प्यायल्यावर काय करता? 'समजावतो' म्हणले तरी नको आणि 'लाथ घालून हाकलतो' म्हणले तरी नको.

एक गोष्ट नीट ऐका, घाबरवायला नाही सांगत. बरेच महिने न प्यायलेला माणूस परत जुन्या मापानं घेतो आणि शरीराला आता ते माप झेपत नाही. दारूतही हे होतं, पण ब्राऊन शुगर, इंजेक्शनवाल्यांत तर पूर्वी रोज घ्यायचा तेवढाच डोस जीव घेतो. आणि घसरला, चार दिवस सलग प्यायला, तर पाचव्या दिवशी सोबर होमच्या खोलीत कोंडून 'उतरवायचा' नाही, मघाशी सांगितलं ते फिटचं प्रकरण होतं, थेट सिव्हिलला किंवा मानसोपचार डॉक्टरकडं. आपल्याकडं रसायन घातलेली ताडी पिणाऱ्यांना हे दुप्पट लागू, त्यात क्लोरल हायड्रेट नाहीतर झोपेच्या गोळ्यांचं द्रव्य घालतात, ती एकदम तोडली की फिट येऊ शकते, घरच्यांना वाटतं ताडी म्हणजे काय साधीच.

गोळ्यांबद्दल. सोबर होमवाले म्हणले 'आमच्याकडं एकही गोळी चालत नाही, मनोबलानं सोडायची' तर नमस्कार करून निघा. ओढ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशा गोळ्या आहेत, डिप्रेशनच्या गोळ्या कितीतरी जणांना चालू असतात, त्या डॉक्टरशिवाय कुणीही बंद करायच्या नाहीत. आणि दुसरं टोक, 'पेशंटला न सांगता दारू सोडवा' म्हणून पावडरी विकतात, आमटीत, चहात घालायच्या. बऱ्याचदा त्यात डायसल्फिरामच निघतं. ही गोळी डॉक्टर देतात, चांगली आहे, पण सांगून, समजावून, सहमतीनं, कारण तिच्यावर दारू गेली की तोंड लाल होतं, उलट्या, छातीत धडधड, बीपी पडतं, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. ज्याला माहीतच नाही की आपल्या पोटात काय आहे तो बिचारा पिणार आणि मरायला टेकणार. आईंनी असलं काही घरात आणून ठेवलं असेल, खूप जणी आणतात, प्रेमानंच आणतात, तर ते गटारीत टाका.

कायद्याचं एवढं माहीत असू द्या की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळं होणारे मानसिक त्रासही येतात, उपचारासाठी लोकांना ठेवणाऱ्या जागेला नोंदणी लागते, साखळीनं बांधायला पूर्ण बंदी आहे, आणि हाफवे होमसारखी सोय उभी करणं हे सरकारचं काम म्हणून त्यात लिहिलंय. लिहिलंय. प्रत्यक्षात किती झालंय ते तुम्ही शोधाशोध करताना बघितलंच असेल. जागा बघायला जाल तेव्हा नोंदणी विचारा, मारहाण होते का ते राहणाऱ्यांना एकटं गाठून विचारा, मॅनेजरसमोर कुणी सांगणार नाही, आणि संडास-स्वयंपाकघर बघा. फ्रीज उघडून बघा, मी नेहमी बघतो, दोन दिवसांचं शिळं आणि प्रत्येकाच्या नावाची वेगळी डबी दिसली की समजायचं, या घरात लोक राहतात पण एकत्र राहत नाहीत. बायकांसाठी अशी जागा जवळपास मिळतच नाही, पिणाऱ्या बाईला घरचेच लपवतात, त्यावर एकदा वेगळं लिहायला पाहिजे.

सोलापुरात जमतं का? बोर्ड लावलेलं घर शोधण्यात महिना घालवू नका, माणसं शोधा. एएच्या मिटिंगला जा, वर्ष-दोन वर्षं न प्यायलेले तिथं भेटतील, त्यातला एखादा तरी एकटा भाड्यानं राहत असतो आणि त्याला जोडीदार पाहिजेच असतो. चारजण पुरतात, दोघं जुने, दोघं नवे. सगळे नवे असतील तर करू नका, ती खोली पंधरा दिवसांत अड्डा होते. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत फॉलोअप लावा, आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी टोल फ्री नंबर आहे, तिथं जवळची मान्यताप्राप्त केंद्रं सांगतात. पुण्या-मुंबईकडची खाजगी सोबर होम महाग पडतात, तरी तुम्हाला परवडत असेल आणि भाऊ तयार असेल तर पहिले दोन-तीन महिने तिकडं ठेवायला माझी ना नाही, फक्त तिकडून परत येताना घरी न येता इथल्या खोलीत यायचं हे आधीच ठरवा, नाहीतर पुण्यात शिकलेलं सगळं टेंभुर्णीला बस थांबते तिथंच उतरतं. काम मिळत असेल तर मी तरी सोलापूरच म्हणेन, पण जुना कारखाना नको आणि रात्रपाळी नको. जॉबरला काम मिळतं, चिंचोळी एमआयडीसीकडं बघा.

कुणी म्हणेल पंढरपूरला नेऊन माळ घाला. घाला की. आपल्याच जिल्ह्यात पांडुरंग बसलाय आणि माळ घालून सुटलेले मी डोळ्यांनी बघितलेत, त्यांना वारीत न पिणारा सोबती मिळतो, म्हणजे ते एक प्रकारचं चालतं सोबर होमच झालं. पण आईच्या हट्टानं घातलेली माळ संध्याकाळी खुंटीला टांगून जाणारेही बघितलेत. त्याला स्वतःला वाटलं तर.

वहिनींना एवढ्यात 'आता सुधारलाय, या परत' म्हणून फोन करू नका. त्यांनी खूप सोसलंय, त्यांना वेळ बघू द्या, रविवारी लेक भेटायला आली तरी बरंच. आणि आईंना अल-अनॉनच्या मिटिंगला न्या, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीची ती मिटिंग आहे, तिथं दुसऱ्या आया भेटल्या की लोक काय म्हणतील हा प्रश्न जरा हलका होतो, कारण समोर बसलेले तेच लोक असतात. त्यांना सांगा, पोराला घराबाहेर काढत नाही आहात, जेवण घेऊन जायला कुणी अडवलेलं नाही, कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या, पण सगळ्या घराला पुरेल एवढी न्या.

मंगळवार धरून बसू नका. खोली, सोबती, काम यातलं काहीच ठरलं नसेल तर केंद्रात बोलून, भावाशी पण बोलून, त्याच्या संमतीनं दहा-पंधरा दिवस वाढवून घ्या, आणि घर शोधताना एकदा त्याला बरोबर न्या, जागा त्यानं निवडलेली असावी. निघायच्या दिवशी डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांची चिठ्ठी, आधार आणि दोन चादरी एवढं घ्या, सकाळी लवकर निघा म्हणजे दिवसाउजेडी पोहोचाल, आणि केंद्रातून थेट खोलीवर. 'जाता जाता घरी एक दिवस, फक्त जेवायला' हे आई हमखास म्हणतील आणि तुमचंही मन होईल. माझ्याकडं यायला निघालेले जे आलेच नाहीत, त्यातले बहुतेक त्या एका जेवणालाच थांबले होते.